स्टिकर नकली, बोर्ड असली

न्यू जर्सीत जुन्या गेम्सच्या दुकानात मी दुरुस्तीच्या टेबलावर असतो. अर्धा दिवस कार्ट्रिजच्या, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्यांच्या, संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यात जातो, कारण जगात अजून सगळे त्यावर फुंकर मारतात आणि थुंकीची ओल आत घालतात.

गेल्या महिन्यात काउंटरवरून निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राचं ‘पोकेमॉन गोल्ड’ आलं. सोबत मॅनेजरची चिठ्ठी : नकली, परत द्या. वरून बघता मॅनेजरचं चुकलं नव्हतं. स्टिकर कोरा करकरीत, त्यावर कारखान्यात दाबून उमटवलेला बारीक आकडा नाही. प्लॅस्टिकचा सोनेरी रंग भडक. मागे साधा चौफुलीचा स्क्रू. निन्टेन्डोच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो.

विकायला आलेल्या मायलेकी मराठी निघाल्या. “अहो, २००० सालच्या दिवाळीत मी स्वतः दुकानातून घेतलंय. नकली कसं असेल?” काकू तावातावाने म्हणाल्या. तिशी ओलांडलेली लेक “आई, जाऊ दे ना” करत होती.

मी उघडलं. आत बोर्डावर निन्टेन्डोचं नाव, मोठ्या चिपवर त्या गेमचाच कोड, शेजारी एमबीसी-३ ही मेमरी सांभाळणारी चिप आणि घड्याळासाठी ३२,७६८ हर्ट्झचा चिमुकला क्रिस्टल. स्वस्तातल्या नकलेत चिपांच्या जागी बहुधा काळ्या इपॉक्सीचा (घट्ट झालेल्या राळेचा) थेंब असतो. गेमबॉयच्या प्रोसेसरला कार्ट्रिजमधला रॉम, म्हणजे गेम साठवलेली चिप, एका वेळी फक्त ३२ केबी दिसतो, आणि हा गेम आहे २ एमबीचा. त्यामुळे एमबीसी १६-१६ केबीचे तुकडे पाळीपाळीने त्याच्यासमोर आणून ठेवतो. मूळ रॉममधला मजकूर चिप बनतानाच सिलिकॉनमध्ये उतरवलेला असतो, तो नंतर बदलता येत नाही. मला हे काम आजही देखणं वाटतं.

व्हिडिओंमधले तज्ज्ञ सांगतात, गेम सुरू होताना पडद्यावर निन्टेन्डोचा लोगो नीट उतरला की माल असली. साफ खोटं. लोगोचे ४८ बाइट कार्ट्रिजमध्येच असतात, गेमबॉय ते आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघतो आणि जुळले नाहीत तर गेम सुरूच करत नाही. म्हणजे चालणाऱ्या प्रत्येक नकलेतही ते हुबेहूब असणारच.

“कॉलेजात असताना हे कार्ट्रिज कुत्र्याने चावलं होतं,” लेक म्हणाली, “म्हणून शेल, म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिक, आणि स्टिकर ऑनलाइन मागवले. माझा गेम आहे का अजून आत?”

होता. सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळला त्याची नोंद, ३२ केबीच्या रॅममध्ये राहतो आणि ती रॅम बॅटरीवर जगते. शिवाय घड्याळही त्याच बॅटरीवर, म्हणून ‘गोल्ड’ची बॅटरी आधीच्या ‘पोकेमॉन रेड’पेक्षा लवकर संपते. ही मात्र कशीबशी २.६ व्होल्टवर तग धरून होती. मी आधी सेव्ह संगणकावर उतरवून घेतला, मग पत्र्याच्या पट्ट्या जोडलेली नवी सीआर-२०२५ बटण-बॅटरी सोल्डर केली. लोक चिकटपट्टीने बॅटरी दाबून बसवतात, काही महाभाग थेट सेलवर इस्त्रीसारखी सोल्डरिंग गन टेकवतात. सेल फुटला तर डोळा जाईल. सेव्हची फाइल तिला मेल केली.

आमच्या खरेदीच्या फॉर्मवर दोनच रकाने : असली, नकली. मी खाली लिहिलं, ‘बोर्ड मूळ, शेल आणि स्टिकर बदललेले.’ मॅनेजर म्हणाला, गिऱ्हाईक स्टिकर बघून घेतं, बोर्ड बघून नाही. भाव पडला तो पडलाच. काकूंनी पैसे घेतले, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

गंमत म्हणजे बॅटरी मीच बदलली, मूळचा एक भाग काढून टाकला, त्याबद्दल फॉर्मवर कुणी काही विचारत नाही.

त्या संध्याकाळी राहवेना, म्हणून काचेच्या कपाटातली महाग कार्ट्रिजं उघडायला घेतली. एकाचं स्टिकर जुनं, दाबलेला आकडा जागेवर, स्क्रूही बरोबर. आत काळा थेंब. कुणीतरी मूळ बोर्ड काढून घेऊन रिकामं शेल आमच्या गळ्यात मारलं होतं. दुकानात त्यावर ‘असली’ची चिठ्ठी होती, पूर्ण भावाने. मी मॅनेजरला दाखवलं. तो म्हणाला, उघडलंसच कशाला?

ते मी कपाटात परत ठेवलेलं नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता विकत घेण्याआधी प्रत्येक कार्ट्रिज उघडायचं म्हटलं तर शनिवारी रांग दारापर्यंत जाते, यावर आमचं अजून वाजतंय.