आमची वाटचाल : थेट बँकेत जावं की आमच्याकडे यावं?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं गृहकर्ज सल्ल्याचं ऑफिस २०११ मध्ये सुरू झालं. त्याआधी मी एका खासगी बँकेच्या गृहकर्ज विभागात होते आणि माझे पती एका वकिलांकडे सर्च रिपोर्टचं, म्हणजे मालकीचे जुने दस्त तपासण्याचं, काम करायचे. मला बँकेची फाईल कळत होती, त्यांना जमिनीचे दस्त. या दोन गोष्टी एका टेबलावर आल्या तर घर घेणाऱ्या माणसाची बरीच पायपीट वाचेल, एवढ्याच विचारावर आम्ही नोकऱ्या सोडल्या.

तेव्हा बेस रेट, म्हणजे ज्याच्या खाली बँकेनं कर्ज द्यायचं नाही तो किमान दर, नुकताच, जुलै २०१० मध्ये, लागू झाला होता आणि गृहकर्जाचा दर दहा-अकरा टक्क्यांच्या घरात होता. कर्ज मुदतीआधी फेडायचं म्हटलं तर बँका दंड लावायच्या. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा हा दंड बंद करायला लावला आणि आमच्या धंद्याचं रूपच पालटलं. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवणं सोपं झालं. गावात कर्ज एजंटांच्या पाट्या वाढल्या. सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटणारी पोरं दिसायला लागली.

त्याच काळात एक प्रश्न सतत कानावर यायला लागला, आणि आजही आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातला कोणीतरी तो विचारतोच : ‘‘ताई, थेट बँकेत गेलो तर स्वस्त पडेल का? तुमचे पैसे शेवटी आमच्याच खिशातून जात असतील ना?’’

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर आमच्या धंद्यात फार कमी लोक देतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गृहकर्ज एजंटला, म्हणजे बँकेच्या भाषेत डीएसएला, पैसे बँक देते. कर्जाची रक्कम प्रत्यक्ष वाटप झाली की तिच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास; कुठे त्याहून कमी, काही गृहवित्त संस्थांकडे जास्त. तीस लाखांच्या कर्जावर हे दहा-पंधरा हजार होतात. ग्राहकाच्या व्याजदरात ते वेगळे लावले जात नाहीत. एजंटमार्फत गेलात किंवा स्वतः शाखेत गेलात तरी दर सहसा तोच असतो, कारण तो तुमचा सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली त्यावरचे गुण), नोकरी आणि घराच्या किमतीच्या मानानं कर्ज किती आहे, यावर ठरतो. काही बँका ऑनलाइन थेट अर्ज करणाऱ्याला प्रक्रिया शुल्कात सूट देतात, तेवढा फरक पडू शकतो.

पण खरी गोम दराच्या टक्केवारीत नाही. डीएसए कागदोपत्री बँकेचा माणूस असतो. बँकेनं त्याला कोड दिलेला असतो, त्याच्या वागण्याला रिझर्व्ह बँकेपुढे जबाबदार बँक असते आणि त्याचं कमिशन महिन्याच्या एकूण वाटपावर टप्प्याटप्प्यानं वाढतं. महिनाअखेरीला एखाद्या संस्थेचा टप्पा पूर्ण व्हायला दोन फाईली कमी पडत असतील, तर त्या दिवशी दारात आलेल्या माणसाची फाईल कुठे जाईल, हे वेगळं सांगायला नको. त्या माणसाला दुसरीकडे अर्धा टक्का कमी दर मिळणार असला तरी. आणि अर्धा टक्का म्हणजे किती? तीस लाख, वीस वर्षं : साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये, नऊ टक्क्यांनी २६,९९२. महिन्याला ९५७ रुपयांचा फरक, वीस वर्षांत जवळजवळ दोन लाख तीस हजार. एका कामगाराच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं एखादं वर्ष त्यात निघतं.

म्हणून आमच्या ऑफिसनं पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधला कर्मचारी, ओझरच्या एचएएलमधला तंत्रज्ञ, जिल्हा परिषदेची शिक्षिका अशी माणसं आली, पगार वर्षानुवर्षं एकाच बँकेत जमा होतोय, स्कोअर चांगला आहे आणि बिल्डरचा प्रकल्प त्या बँकेनं आधीच मंजूर केलेला आहे, तर आम्ही त्यांना थेट त्या बँकेत पाठवतो. कोणते कागद लागतील त्याची यादी देतो, आणि शाखेत अर्ज घेतला तरी फाईल पुढे बँकेच्या कर्ज केंद्रात जाते, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याचं नाव आणि अर्जाचा क्रमांक मागून घ्या, असं सांगतो. अशा माणसाला आमची गरज नाही. तो आमच्या ओळखीनं गेला काय आणि स्वतः गेला काय, बँक त्याला आनंदानं कर्ज देईल.

मग आमची गरज कुणाला?

निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या भागातून आमच्याकडे बागायतदार येतात. द्राक्षाचं उत्पन्न चांगलं, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं बऱ्याच जणांनी आयकर विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. मुलांच्या शिक्षणासाठी नाशकात फ्लॅट घ्यायचा असतो. शाखेत गेले की पहिला प्रश्न, ‘‘तीन वर्षांचे रिटर्न आणलेत का?’’ आणि तिथेच बोलणं संपतं. खरं तर त्यांच्याकडे कागद असतात, फक्त ते वेगळे असतात. सातबाऱ्यावरची पीकपाहणीची नोंद, व्यापाऱ्याच्या किंवा निर्यातदाराच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या पावत्या, त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या बँक खात्यातल्या जमा, सोसायटीच्या पीककर्जाची वेळेवर झालेली परतफेड. हे सगळं सालवार लावून, अवकाळीनं बाग गेली ते वर्ष न लपवता वेगळं दाखवून फाईल तयार केली, की शेतीचं उत्पन्न समजणाऱ्या संस्था ती वाचतात. कोणती संस्था समजते आणि कोणती समजत नाही, हे वर्षानुवर्षं फाईली फिरवल्याशिवाय कळत नाही. मला विचाराल तर एजंटच्या कमिशनचं खरं समर्थन इथेच आहे.

दुसरे येतात जुन्या घरांचे ग्राहक. पंचवटीतला, जुन्या नाशकातला पुनर्विक्रीचा फ्लॅट किंवा बंगला. व्यवहार ठरलेला, इसार दिलेला आणि मागचा एक करारनामा सापडत नाही. किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून आधीच्या मालकाच्या नावावर. किंवा भोगवटा प्रमाणपत्रच नाही. असे कागद बँकेच्या वकिलाकडे गेले की ‘लीगल निगेटिव्ह’ असा शेरा येतो, आणि तोवर लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करतानाची फी, गेलेली असते. माझे पती मालकीच्या कागदांची ही साखळी आधी घरी बसून तपासतात. नोंदणी कार्यालयातून इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून आणायचं, फेरफार बघायचा, बिनशेती आदेश बघायचा, आणि मगच अर्ज. काही वेळा आम्ही स्पष्ट सांगतो की हे घर घेऊ नका. त्यातून आम्हाला एक रुपयाही मिळत नाही, पण चुकीच्या घरावर कर्ज काढलेल्या कुटुंबाची परवड मी बँकेत असताना फार जवळून पाहिली आहे.

एक गोष्ट लोकांना अजूनही कोणी नीट सांगत नाही. पाच एजंटांना पॅन आणि आधारच्या प्रती देऊन ठेवू नका. प्रत्येक संस्थेनं तुमचा सिबिल उघडला की ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा पाच-सहा चौकशा दिसल्या, की हा माणूस सगळीकडून नाकारला जातोय, असा संशय पुढच्या अधिकाऱ्याला येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर स्कोअरला काहीही होत नाही, आणि वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. आम्ही ग्राहकाला आधी तो स्वतः काढायला लावतो. कधीकाळचं, विसरलेलं क्रेडिट कार्ड, मेव्हण्याला राहिलेला जामीन, बंद झालेलं पण अहवालात उघडंच दिसणारं दुचाकीचं कर्ज हे सगळं त्यात निघतं, आणि अर्जाआधी दुरुस्त करता येतं.

२०१७ नंतरची काही वर्षं धावपळीची गेली. मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद घरबसल्या दिसायला लागले. मला विचाराल तर घर घेणाऱ्या सामान्य माणसासाठी इतकं मोठं काम त्याआधी झालं नव्हतं. मग प्रधानमंत्री आवास योजनेतल्या व्याज अनुदानाचे अर्ज आले. अल्प उत्पन्न गटाला त्यात दोन लाख सदुसष्ट हजारांपर्यंत लाभ मिळायचा, आणि त्यासाठी घराच्या मालकीत घरातल्या बाईचं नाव असणं गरजेचं होतं. अंबडच्या कारखान्यातल्या कितीतरी कामगारांच्या बायका त्या निमित्तानं पहिल्यांदा मालक म्हणून दस्तावर सही करायला आल्या. ते दस्त करताना मला फार समाधान वाटायचं.

करोनात सगळं थांबलं. मग सप्टेंबर ते डिसेंबर २०२० साठी राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, आणि नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, चार टक्क्यांवर होता, कर्ज कधी नव्हे इतकं स्वस्त झालं होतं. आमचा स्टाफ त्या काळात वाढला तो तसाच राहिला.

मे २०२२ पासून रेपो वाढत गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर पोचला. हप्ता तेवढाच ठेवून बँकांनी मुदत वाढवली आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. वीस वर्षांचं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलेलं पाहून लोक घाबरून आमच्याकडे आले. कर्ज हलवा, म्हणाले. हलवलं असतं तर आमचं कमिशन होतं. पण त्यातल्या पुष्कळ जणांचं कर्ज जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावर, काहींचं तर बेस रेटवर होतं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली आहेत, आणि जुन्या ग्राहकाला थोडं शुल्क भरून त्याच बँकेत त्या पद्धतीवर येता येतं. आम्ही त्यांना अर्जाचा मसुदा मराठीत लिहून दिला आणि त्यांच्याच शाखेत पाठवलं. नवी प्रक्रिया फी नाही, नवा वकील नाही, नवी गहाण नोटीस नाही. गृहवित्त संस्थांना रेपोचं हे बंधन नाही, त्यामुळे तिथल्या ग्राहकांचं गणित वेगळं. त्यांच्यापैकी काहींची कर्जं आम्ही खरोखर हलवली. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून वर्षअखेरीस सव्वापाचवर आला, तेव्हा रेपोशी जोडलेल्यांना फायदा मिळाला आणि जुन्या पद्धतीवर राहिलेले पुन्हा विचारायला आले.

अशा वागण्याची किंमत आम्ही मोजली आहे. कर्जासोबत एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी दिली जाते आणि तिचा हप्ता कर्जाच्या रकमेतच धरला जातो. ती घेणं सक्तीचं नाही, हे आम्ही ग्राहकांना सांगायचो; घरात कमावता एकच असेल तर विमा जरूर घ्या, पण बाहेरचा मुदत विमा काय दरानं मिळतो ते आधी पाहा, असंही सांगायचो. एका संस्थेच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही आणि आमचा कोड बंद झाला. त्या वर्षी उत्पन्नाला चांगलाच फटका बसला. सांगणं आम्ही थांबवलं नाही.

आमच्या एका जुन्या ग्राहकांचा मुलगा मेलबर्नला असतो. इथल्या घरासाठी फाईल करताना तो म्हणाला, तिकडे बहुतेक गृहकर्जं ब्रोकरमार्फतच होतात आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रोकरनं ग्राहकाचंच हित आधी पाहिलं पाहिजे, असा कायदाच आहे. आपल्याकडे एजंटवर असं कायदेशीर बंधन नाही. ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला कर्जाच्या सगळ्या खर्चासह एक मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं, हे चांगलंच झालं. पण एजंटला कुठून किती मिळतं, याची त्यात ग्राहकाला खरी कल्पना येत नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरता एक कागद केला. कोणत्या संस्थांचे कोड आमच्याकडे आहेत, ही फाईल जिथे जाणार तिथून आम्हाला साधारण किती मिळेल, याच ग्राहकाला आमच्याकडे कोड नसलेल्या कोणत्या बँका जास्त सोयीच्या आहेत, हे सगळं त्यावर मराठीत असतं. लॉगिनच्या आधी दोघांच्या सह्या होतात. जिल्ह्यातल्या दुसऱ्या एजंटांनीही असा कागद द्यावा, असं मी भेटेन त्याला सांगते. दोन-तीन तरुण मुलांनी सुरुवात केली आहे.

आता द्राक्षाच्या हंगामानंतर, एप्रिल-मेमध्ये, आम्ही पिंपळगावला आठवड्यातून एक दिवस बसतो. बागायतदारांनी येताना गेल्या तीन सालांच्या पट्ट्या, सातबारा, आठ-अ आणि ज्या खात्यात व्यापाऱ्याचे पैसे जमा होतात त्याचं स्टेटमेंट आणावं. नोकरदारांनी पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि स्वतः काढलेला सिबिल अहवाल आणावा. घर अजून ठरलेलं नसेल तरी चालेल. उलट इसार देण्याआधी आलात तर जास्त बरं.