अव्या

परवा मंगल कार्यालयात एका गृहस्थांनी मागून पाठीवर थाप मारली. "काय अव्या, व्हीआरएस घेतलीस म्हणे!" मी अव्या नाही, अव्या माझा दादा. पण हातात मठ्ठ्याचा पेला, मागे पंगतीची गर्दी. म्हटलं, "घेतली. कंटाळलो होतो." पुढची दहा मिनिटं मी दादा होतो. चांगला झालो होतो, तेच डोक्यातून जात नाही.

आजवर दादाला कुणी माझ्या नावानं हाक मारलेली नाही. बाबा तर... जाऊ दे.

झोप येईना म्हणून वॉल्टर गिब्सनच्या रहस्यकथांमधला शॅडो काढला. काळी टोपी, काळा झगा, बोटात ओपलची अंगठी. न्यूयॉर्कच्या वर्तुळात तो लमॉन्ट क्रॅन्स्टन म्हणून वावरतो. वाचणाऱ्याला वाटतं, हाच तो. मग 1931 च्या एका कथेत तो रात्री खऱ्या क्रॅन्स्टनपुढे उभा राहतो. तू परदेशी फिरायला जा, तुझं नाव मी वापरणार. अडवलंस तर खरा क्रॅन्स्टन मीच, हे पटवून देईन! आणि तो लक्षाधीश मुकाट्यानं जातो.

मग हा मुळात कोण? ते कळायला 1937 उजाडलं. केंट अ‍ॅलार्ड, पहिल्या महायुद्धातला वैमानिक. विमान ग्वाटेमालाच्या जंगलात पडलं, जग समजलं मेला. आणि त्याच वर्षी रेडिओवर ऑर्सन वेल्सच्या आवाजात शॅडो आला, तर तिथे क्रॅन्स्टनच शॅडो! अ‍ॅलार्ड गाळलाच. खरं नाव एकदाचं सांगितलं आणि ऐकणाऱ्यांना त्याची गरजच नव्हती. मला उगाच त्याच्या वतीनं राग आला. म्हणजे कुणाच्या वतीनं, ते कळतंय मला.

बरं, हे सगळं कशासाठी? त्याच्या आईबापांना कुणी मारलेलं नाही, सूड नाही. लढाई संपली, मग गुन्हेगारांच्या मागे लागला. एवढंच? लहानपणी अर्नाळकरांचा काळापहाड वाचताना हा प्रश्न कधी पडला नव्हता. बुरखा आहे म्हणजे कारण असणारच, असं वाटायचं. माझ्याकडे तरी कुठलं कारण होतं? मठ्ठा होता.

आणि क्रॅन्स्टनचं तरी काय वाईट झालं? इकडे दुसरा कुणी त्याच्या नावानं गोळ्या चुकवतोय, हा जगभर हिंडतोय.

सकाळी दादाला फोन करून सगळं सांगितलं. हसला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "का कंटाळलो म्हणालो मी?"