सेलमध्ये ‘पूर्ण’ आहे, तरी मॅक्रो ओळ रंगवत नाही

एक्सेलच्या शीटमध्ये ‘स्थिती’ नावाचा कॉलम आहे. त्यात ‘पूर्ण’ असेल तर ओळ हिरवी आणि ‘रद्द’ असेल तर लाल करणारा मॅक्रो लिहिलेला आहे. चालवला की एरर येत नाही आणि रंगही येत नाही. अशा वेळी रंग देणारी ओळ तपासत बसू नका. दोष बहुतेक वेळा तुलनेत असतो. तुलनेच्या ओळीवर एफ९ दाबून ब्रेकपॉइंट लावा आणि एफ८ने एकेक पाऊल पुढे जा. मॅक्रो ‘इफ’च्या आत शिरतच नसेल, तर शब्द जुळत नाहीये.

मराठी शब्दांच्या बाबतीत पहिला संशय खुद्द कोड एडिटरवर घ्यावा. व्हीबीएचा (मॅक्रो जिच्यात लिहितात त्या भाषेचा) एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपी सामावणारी पद्धत, वापरत नाही. तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतो आणि त्यात देवनागरी सहसा नसते. अवतरणचिन्हांत पेस्ट केलेल्या ‘पूर्ण’ची तिथे पाच प्रश्नचिन्हं होतात. ती नुसती दिसायला नसतात, कोडमध्ये खरोखर तीच साठवली जातात. ‘=’ या चिन्हाने तुलना केली असेल तर ती कधीच जुळणार नाही. ‘लाइक’ने (नमुन्याशी जुळवून पाहणाऱ्या ऑपरेटरने) केली असेल तर जास्त वाईट, कारण ‘लाइक’मध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा होतो. ‘पूर्ण’मध्ये प, दीर्घ ऊकार, र, हलन्त आणि ण अशी पाच चिन्हं आहेत. ‘मंजूर’मध्येही पाचच. दोन्ही ओळी हिरव्या होतात, आणि ‘रद्द’ चार चिन्हांचा असल्यामुळे सुटतो. असा रंगांचा गोंधळ दिसला की आधी चिन्हं मोजा.

उपाय सोपा आहे: शब्द कोडमध्ये ठेवूच नका. एक वेगळी शीट करा, तिच्या ए कॉलममध्ये शब्द लिहा आणि शेजारच्या बी कॉलममधल्या सेलला हवा तो रंग भरा. मॅक्रोने दोन्ही तिथूनच वाचायचे. व्हीबीएच्या आत स्ट्रिंग युनिकोडच असते, त्यामुळे सेलमधून वाचलेला मजकूर शाबूत राहतो. शीटचं नाव मराठीत असेल तर तेही कोडमध्ये टिकणार नाही, म्हणून शीटचं कोडनेम, म्हणजे एडिटरमध्ये दिसणारं तिचं अंतर्गत नाव, वापरा. ‘सीएचआर-डब्ल्यू’ने (आकड्यावरून अक्षर देणाऱ्या फंक्शनने) एकेक अक्षर जोडूनही शब्द बनवता येतो, पण तो कोड नंतर कुणालाच वाचता येत नाही.

एवढं करूनही जुळत नसेल तर ‘लेन’ने सेलमधल्या मजकुराची लांबी काढा. ‘पूर्ण’ची लांबी सहा आली, तर काहीतरी अदृश्य चिकटलंय. एडिटरमधल्या इमिजिएट विंडोतही (जिथे आज्ञा लिहून लगेच उत्तर बघता येतं) देवनागरीची प्रश्नचिन्हंच दिसतात, म्हणून ‘ॲस्क-डब्ल्यू’ने प्रत्येक चिन्हाचा आकडा छापा. ३२ ही साधी स्पेस, ती ‘ट्रिम’ने जाते. १६० ही वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी स्पेस, तिला ‘ट्रिम’ हात लावत नाही, ती ‘रिप्लेस’नेच काढावी लागते. ८२०४ आणि ८२०५ हे शून्य रुंदीचे नॉन-जॉइनर आणि जॉइनर, म्हणजे अक्षरं तोडणारं आणि जोडणारं अदृश्य चिन्ह, कीबोर्डप्रमाणे कधी येतात, कधी नाही. मात्र मराठीत अर्धा र लिहिताना जॉइनर लागू शकतो. म्हणून सेलमधला शब्द आणि यादीतला शब्द, दोन्ही एकाच फंक्शनमधून स्वच्छ करून मगच ताडून पाहा.

स्पेसचा त्रास टाळायला काही जण मजकुरात कुठेही शब्द शोधणारं ‘इनस्ट्र’ वापरतात. तसं करू नका. ‘अपूर्ण’च्या पोटात ‘पूर्ण’ आहेच, ती ओळही हिरवी होईल.

एरर १३ (टाइप मिसमॅच, म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार न जुळणं) आला तर दोन कारणं बघा. सेलमध्ये एखाद्या फॉर्म्युल्याची एरर व्हॅल्यू असेल, तर तुलनेआधी ‘इझ-एरर’ची वेगळी अट घाला. ‘अँड’ने एकाच ओळीत जोडू नका, व्हीबीए दोन्ही बाजू तपासतोच. किंवा ‘वर्कशीट चेंज’ इव्हेंटमध्ये, म्हणजे सेल बदलला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, एकदम अनेक सेल पेस्ट झाले असतील. मग ‘टार्गेट’ची, म्हणजे बदललेल्या सेलची, व्हॅल्यू ॲरे (अनेक व्हॅल्यूंची यादी) असते, आणि प्रत्येक सेल ‘फॉर ईच’ने घ्यावा लागतो. हा इव्हेंट त्या शीटच्याच मॉड्यूलमध्ये हवा. फॉर्म्युल्याचं उत्तर बदललं म्हणून तो चालत नाही, त्यासाठी ‘कॅल्क्युलेट’ इव्हेंट आहे. मध्येच एरर येऊन ‘एनेबल-इव्हेंट्स’ (इव्हेंट चालू-बंद करणारी सेटिंग) बंदच राहिलं असेल, तर इमिजिएट विंडोतून ते ‘ट्रू’ करा. खरं तर नुसता रंग बदलल्याने ‘चेंज’ इव्हेंट उठत नाही, त्यामुळे ते बंद करायची गरजच नसते.

शब्द बदलला तरी जुना रंग तसाच राहत असेल, तर अट तपासण्याआधी ओळीचा ‘कलर-इंडेक्स’ ‘एक्सएल-नन’ (रंग नाही) करा. रंग पूर्ण ओळीला न देता टेबलाच्या कॉलमांपुरताच द्या, नाहीतर १६,३८४ कॉलम रंगतात.

मॅक्रो रंग देतोय तरी दिसत नसेल, तर कंडिशनल फॉरमॅटिंगचा (अटीनुसार आपोआप रंग देणाऱ्या एक्सेलच्या सोयीचा) एखादा नियम त्यावर बसलाय. तो मॅक्रोच्या रंगाला झाकतो. आणि निव्वळ रंगच हवा असेल तर मॅक्रोऐवजी सरळ कंडिशनल फॉरमॅटिंगच वापरा. फॉर्म्युला लिहिताना कॉलमच्या अक्षरापुढे डॉलरचं चिन्ह द्या, ओळीच्या आकड्यापुढे देऊ नका. तिथे ‘पूर्ण’ मराठीत लिहिलेलं जसंच्या तसं चालतं.