वजा गुणांचा हिशेब

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी बोलीचे शब्द नोंदवणारा एक ऑनलाइन गट मी काही वर्षांपासून चालवतो. सदस्य वाढले तेव्हा कोणाचे लिहिणे भरवशाचे आहे हे नवख्यांना कळावे, म्हणून नोंदींना पसंती-नापसंती देण्याची आणि त्यावरून सदस्याचे गुण मोजण्याची सोय मीच करून घेतली. तो निर्णय चुकला.

खानापूरकडच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे सर्वांत कसून लिहीत. कन्नडमध्ये सुपारीला ‘अडिके’ म्हणतात, त्यावरूनच ‘अडकित्ता’ मराठीत आला आणि ‘अण्णा’, ‘अक्का’ ही घरातली संबोधनेही तिकडचीच, अशी नोंद त्यांनी केली. त्यात वावगे काहीच नव्हते. पण त्या आठवड्यात फलकांच्या भाषेवरून वातावरण तापलेले होते. रात्रीतून नापसंतीचा भडिमार झाला, ‘कानडीधार्जिण्या’ अशी त्यांची संभावना झाली आणि सकाळी त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत वजा ३१ दिसू लागले. बाईंचा फोन आला. “मी कुठं चुकले ते कुणीतरी लिहा, मी दुरुस्त करीन. पण हे वजा कशाचं?” मला उत्तर देता आले नाही.

चिडलेल्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनची ही सल माझ्याही घरात आहे आणि सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याकडे आम्हीही डोळे लावून बसलो आहोत. माझे म्हणणे एवढेच आहे की एका रात्रीचा राग आम्ही मोजला आणि तो बाईंची पत म्हणून त्यांच्या नावापुढे टांगला. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याची पत वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्यातून ठरते, आणि ती ठरवणारे लोक त्याच्याशी व्यवहार केलेले असतात. बाईंना वजा देणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्यांची दुसरी एकही नोंद उघडलेली नव्हती.

२००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला पसंती मिळाली की लिहिणाऱ्याला १० गुण मिळतात आणि नापसंतीने २ जातात. शिवाय नापसंती देणाऱ्याचाही १ गुण खर्ची पडतो. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. आमच्याकडे नापसंती फुकट होती. बातम्यांखालच्या प्रतिक्रियांचा २०१४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की नापसंती मिळालेले लोक पुढे जास्त लिहितात, अधिक निकृष्ट लिहितात आणि इतरांनाही अधिक नापसंती देऊ लागतात. हे मी प्रत्यक्ष पाहिले. बाईंची बाजू घेणाऱ्या एका तरुणाला वजा गुण मिळाले, तेव्हा तो दुसऱ्या नावाने परत आला आणि दिसेल त्या नोंदीला नापसंती देत सुटला.

गेल्या महिन्यात मी वजा गुण काढून टाकले. आता असहमती नोंदवायची असेल तर कारण लिहावे लागते, आणि एकाच नोंदीवर दिवसातून दोनदाच उत्तर देता येते. वर्दळ कमी झाली. काहींनी गट सोडला, त्यांत माझे दोन जुने मित्रही होते.

बाई अजून लिहीत नाहीत. त्यांची ‘अडकित्ता’ची नोंद मात्र जागेवर आहे. तिच्याखाली तिघांनी सविस्तर लिहिले असून, त्यांतल्या एकाने कारण देऊन त्यांचे म्हणणे खोडण्याचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्याने आपल्या आजीच्या पानाच्या डब्यातल्या पितळी अडकित्त्याचे छायाचित्र जोडले आहे. ते पान मी बाईंना पाठवले आहे.