तुम्ही विचारलंत म्हणून: घरी मायनिंग सुरू करायचे तर

घरगुती आणि लहान कारखान्यांच्या वीजजोडण्यांची कामे मी नाशिकला करतो, त्यामुळे गेली काही वर्षे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: घरच्या घरी बिटकॉइनचे मायनिंग सुरू करायचे आहे, तर कोणते यंत्र घ्यावे आणि वायरिंगला किती खर्च येईल? विचारणाऱ्यांत अभियांत्रिकीची मुले असतात, तसे भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात आलेले निवृत्त गृहस्थही असतात. त्या सर्वांना मी आधी त्यांचे वीजबिल आणायला सांगतो. यंत्र कोणते घ्यावे हा नंतरचा भाग झाला. एक युनिट तुम्हाला सर्व आकार धरून कितीला पडते, यावरच या धंद्याचा निकाल लागतो, आणि महाराष्ट्रातील घरगुती दराने तो निकाल आज विरोधात जातो.

मायनिंग म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगतो. बिटकॉइन या आभासी चलनाच्या खातेवहीत सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते. ते जोडण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरची यंत्रे ब्लॉकच्या मथळ्यातील एक आकडा सतत बदलून त्यावर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया करीत राहतात आणि उत्तर ठरावीक मर्यादेच्या खाली येण्याची वाट पाहतात. यात हुशारीला वाव नाही, फक्त प्रयत्नांच्या संख्येला आहे. ज्याचे उत्तर आधी जुळते त्याला बक्षीस मिळते. २००९ मध्ये ते ५० बिटकॉइन होते, साधारण दर चार वर्षांनी निम्मे होत एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. शिवाय दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, काठिण्यपातळी, म्हणजे उत्तर जुळणे किती अवघड असावे ते, नव्याने ठरते. त्यामुळे जगात यंत्रे कितीही वाढली तरी रोज निघणारे बिटकॉइन साधारण तेवढेच राहतात आणि वाटेकरी मात्र वाढतात.

आता प्रत्यक्ष हिशोब करू. बिटमेन कंपनीचे अँटमायनर एस २१ हे यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश, म्हणजे २०० लाख कोटी प्रयत्न करते आणि त्यासाठी ३,५०० वॉट वीज घेते. तीन-साडेतीन इस्त्र्या रात्रंदिवस चालू ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. दिवसाला ८४ युनिटे, महिन्याला सुमारे २,५०० युनिटे. दुसरीकडे, जगभरच्या मायनिंग यंत्रांच्या संपूर्ण जाळ्याची शक्ती २०२५ मध्ये एक झेटाहॅशच्या, म्हणजे एकावर एकवीस शून्यांच्या घरात गेली. तेवढ्या जाळ्यात तुमच्या यंत्राचा वाटा पन्नास लाखांत एक एवढा येतो. रोज सुमारे ४५० बिटकॉइन निघतात, त्यांतून तुमच्या वाट्याला ०.००००९ बिटकॉइन येतील. एका बिटकॉइनची किंमत ८० लाख रुपये धरली, तर ही रक्कम दिवसाला ७२० रुपये होते. वीज अगदी १० रुपये युनिट धरली तरी खर्च ८४० रुपये होतो. आणि महावितरणच्या घरगुती दरात ५०० युनिटांच्या पुढचा टप्पा सर्वांत महाग असल्याने, वीज आकारावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क चढल्यावर युनिट १० रुपयांपेक्षा बरेच महाग पडते. यंत्राची किंमत, आयातशुल्क आणि पूलची (यंत्रांची शक्ती एकत्र करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटाची) वर्गणी मी अजून मोजलेलीच नाही. बिटकॉइनचा भाव बदलला की माझे आकडे बदलतील, परंतु रीत हीच राहील. आकडे तुमचे घालून पाहावेत.

जो भाग विचारणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, तो उष्णतेचा. यंत्रात शिरलेली ३,५०० वॉट वीज अखेरीस सगळीच्या सगळी उष्णता होऊन खोलीत येते. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर फेकू शकतो, ती साधारण ३,५०० वॉटच असते. म्हणजे एका यंत्रासाठी एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवावा लागेल आणि तो आणखी हजारेक वॉट खाईल. थंड देशांत काही जण याच उष्णतेवर हिवाळ्यात घर गरम ठेवतात, त्यामुळे त्यांचा हिशोब वेगळा बसतो. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-जळगावला, किंबहुना नाशिकलाही, ही उष्णता हाकलण्यासाठी आपल्यालाच पैसे मोजावे लागतात. शिवाय यंत्राच्या पंख्यांचा आवाज सुमारे ७५ डेसिबल असतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार आधीच केलेला बरा, कारण नंतर तो शेजारीच करायला लावतात.

वायरिंगचे म्हणाल, तर २३० व्होल्टवर ३,५०० वॉट म्हणजे पंधरा अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह. सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये तो बसतो, असे कागदावर दिसते. परंतु ते सॉकेट गिझरसारख्या अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या उपकरणासाठी ठीक असते, अखंड भारासाठी नव्हे. अशा यंत्राच्या एका घरी मी गेलो होतो, तेव्हा पांढऱ्या सॉकेटला पिनेच्या छिद्राभोवती तपकिरी कडे आले होते, प्लग ओढला तर प्लास्टिक मऊ होऊन पिनेला चिकटून आले आणि मागच्या तारेचे आवरण बोटांनी सोलले जात होते. एमसीबी पडला नव्हता, कारण प्रवाह मर्यादेतच होता. बिघाड सैल जोडातल्या उष्णतेचा होता, आणि एमसीबीला ती दिसत नाही. म्हणून मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, औद्योगिक सॉकेट आणि पक्के अर्थिंग, याखाली मी काम करीत नाही. लहान घराचा मंजूर भार अनेकदा या एका यंत्राएवढाही नसतो. तो वाढवून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट: घरगुती जोडणी मंजूर कारणाखेरीज इतर कामासाठी वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. उत्पन्नासाठी चोवीस तास चालणारे यंत्र त्यात धरले जाण्याचा धोका पत्करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे.

‘मग सोलर बसवू,’ असे पुढचे वाक्य ठरलेले असते. एक किलोवॉटच्या पॅनेलपासून आपल्या भागात दिवसाला साधारण चार युनिटे मिळतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अनुदान तीन किलोवॉटपर्यंतचे, कमाल ७८,००० रुपये आहे, आणि तेवढ्या संचातून रोज बारा युनिटे मिळतील. आपल्याला हवीत ८४, म्हणजे एकवीस किलोवॉटचा संच, ज्याला बहुतेक घरांची गच्ची पुरणार नाही. यंत्र फक्त उन्हात चालवावे म्हटले, तर लाखोंची गुंतवणूक दिवसाचे बरेचसे तास बंद पडून राहते आणि तेवढ्या वेळात काठिण्यपातळी वाढत जाते. गच्चीवर सोलर जरूर बसवावा, पण घरच्या पंख्या-दिव्यांसाठी.

गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांवर मायनिंग करण्याचा काळ संपला. ती कार्डे मुख्यतः इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनासाठी चालत आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली. जुन्या कार्डांचे संच स्वस्तात विकणारे अजून भेटतात. गेमिंगसाठी हवे असेल तरच, पंखे आणि थर्मल पेस्ट तपासून घ्यावे.

कराचा भाग कडू आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, अधिभार आणि उपकर वेगळे. संपादन-खर्चाखेरीज, म्हणजे ती मालमत्ता मिळवण्याच्या खर्चाखेरीज, कोणतीही वजावट मिळत नाही आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरील खर्च हा संपादन-खर्च मानला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. म्हणजे वरच्या हिशोबात वीज आणि यंत्र जाऊन हाती तोटा असतानाही विक्रीच्या रकमेवर कर लागण्याची वेळ येऊ शकते. पहिले यंत्र मागवण्यापूर्वी सीएची फी देऊन हे समजून घ्यावे.

इतके ऐकल्यावर काही जण म्हणतात की यंत्र घरी नको, कंपनीकडे पैसे भरू, ते मायनिंग करतील आणि दरमहा परतावा देतील. येथे मी स्पष्टपणे नाही म्हणतो. गेनबिटकॉइन नावाची योजना अशीच होती: मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के, अठरा महिने. पुण्यात गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. मायनिंगचे उत्पन्न काठिण्यपातळी आणि भाव यांच्यासोबत रोज बदलते. ते ठरावीक टक्क्यांत देऊ करणारा माणूस मायनिंग करीत नसतो, एवढे ओळखायला पुरे.

तरीही हे तंत्र हाताळून पाहायचे असेल, तर त्याला माझी ना नाही. बिटॲक्स नावाचे, खुल्या आराखड्याचे तळहाताएवढे यंत्र मिळते. त्याचे गॅमा मॉडेल सुमारे १.२ टेराहॅश देते आणि सतरा-अठरा वॉट खाते, म्हणजे महिन्याला बारा-तेरा युनिटे. त्यावर स्वतःचा ब्लॉक सापडायला सरासरीने सोळा हजार वर्षे लागतील, त्यामुळे उत्पन्नाचा विषय आपोआप मिटतो आणि शिकणे तेवढे उरते. यंत्र चालू केल्यावर ते स्वतःचे वायफाय उभे करते. मोबाइलने त्याला जोडून घरच्या वायफायचे नाव, पूलचा पत्ता आणि आपल्या वॉलेटचा, म्हणजे बिटकॉइन ठेवण्याच्या डिजिटल पाकिटाचा, पत्ता भरायचा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू हवा. वॉलेट एक्स्चेंजचे (खरेदी-विक्रीच्या कंपनीचे) न घेता स्वतःचे घ्यावे आणि त्याची किल्ली असलेले बारा शब्द कागदावर लिहून ठेवावेत, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवू नये. चिपचे तापमान पडद्यावर दिसते, ते साठ अंशांच्या आसपास राहील अशा हवेशीर जागी यंत्र ठेवावे. आणि गॅमाला पाच व्होल्टचा अडॅप्टर लागतो. राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर त्याच पिनेचा असतो, सहज बसतो आणि बोर्ड जाळून टाकतो, म्हणून अडॅप्टरवर चिठ्ठी लावून ठेवावी.