जतच्या एसटीत बसून ऐकलेल्या गप्पा

जतला उन्हाळ्यात कशाला मरायला जातीस असं घरातले सगळे म्हणत होते, पण गुड्डापूरच्या दानम्मा देवीला जायचं कधीपासून डोक्यात होतं, म्हणून मिरजेतून एसटी पकडली. निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, आणि तेव्हापासून दुपारच्या गाडीत बघावं तर निम्म्याहून जास्त बायकाच असतात, हे एक बरं झालंय.

कवठे महांकाळपर्यंत द्राक्षबागा, पुढं हळूहळू झाडं कमी आणि दगडं जास्त. मधे मधे कालवा दिसतो, म्हैसाळ योजनेचा, म्हणजे कृष्णेचं पाणी म्हैसाळातनं उचलून टप्प्याटप्प्यानं इकडं वर आणलंय. याच पाण्यासाठी जतच्या पूर्वेकडच्या गावांनी "आम्हाला कर्नाटकात घाला" असे ठराव केले होते, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी ते ठराव काढून ४० गावांचा विषय केला तेव्हा अचानक सगळ्या महाराष्ट्राला जत आठवलं. असो.

गाडीत मागच्या सीटवर मोबाईलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ चालू होता, कुठंतरी बांगलादेशी पकडले वगैरे. लगेच चर्चा सुरू. बाहेरची माणसं आली की पोरीबाळींना धोका, एमआयडीसीत कोण कुठला राहतोय पत्ता नाही, सगळ्यांचे आधार तपासा, हे सगळं. एक काका तर म्हणले, "आमच्या काळी पोरी रात्री शेतावर पाणी पाजायला जायच्या, आता आहे का हिंमत?" (काकांच्या काळात काय काय व्हायचं ते आमच्या आजीकडून ऐकलंय, ते जाऊ दे.)

शेजारी बसलेले दादा खानापूर तालुक्यातले निघाले, गलाईवाले. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीच आहे. त्यांचं दुकान आसामात. ते म्हणले, तिकडं प्रश्न खराच आहे हो, उगाच नाही लोक रस्त्यावर आले, १९८५ चा आसाम करार त्यातूनच झाला, २४ मार्च १९७१ ही तारीख, म्हणजे त्यानंतर आलेला तो परदेशी, तिथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिकांची यादी (एनआरसी) लागली आणि १९ लाखांवर लोक बाहेर राहिले, त्यात जन्मापासून तिथंच राहणारी, एखादा कागद कमी पडलेली माणसंपण होती, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांची तर बापाचं नाव सिद्ध करता करता दमछाक. मग मागं वळून त्या काकांना म्हणले, "आणि काका, तिथल्या माणसाला विचारलं तर बाहेरचा मीच की." काका हसले, पण व्हिडिओ काय बंद झाला नाही.

मला खरी बोलणारी माणसं भेटली ती जत स्टँडवर, गुड्डापूरच्या गाडीची वाट बघताना. पाच-सहा बायका, निम्म्या कन्नड बोलणाऱ्या, एकमेकींना अक्का म्हणत मराठीतनं कन्नडमधे आणि परत मराठीत. एक जण विजापूरकडं दिलेली, ती सांगत होती तिकडं बायकांना सरकारी गाडी फुकट, २०२३ पासूनच, पण कार्ड कर्नाटकचं पाहिजे, माहेरच्या बहिणीला घेऊन गेलं की तिचं तिकीट काढायचं. यावर जी हसाहस झाली!

मी मुद्दाम विचारलं, भीती कशाची वाटते? बांगलादेशी कुणाच्याच तोंडात आलं नाही. हायवेपासून वस्तीपर्यंतचा अंधार. शेवटची गाडी चुकणं. ऊसतोडीला गेल्यावर फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणं, तिथं ना दार ना संडास. मुकादम. आणि एकीनं एकदम खालच्या आवाजात, "घरातलाच दारू पिऊन आला तर कुणाला सांगायचं?" बलात्काराच्या केसेसमधे ९० टक्क्यांपेक्षा जास्त वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो, हे एनसीआरबीचे, म्हणजे सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत, पण तो व्हिडिओ कोण करणार.

बॉर्डरचा खरा त्रास त्यांनी सांगितला तो वेगळाच. रानात मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, ११२ लावलं की पलीकडून कन्नडमधे विचारणा, या अक्कांना कन्नड येतं म्हणून ठीक, मी असते तर? आणि ठाण्यात गेलं की पहिला प्रश्न, घडलं कुठं, आमच्या हद्दीत का त्यांच्या? एकीला असंच माघारी पाठवलेलं. मी त्यांना झिरो एफआयआरचं सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात ते लिहूनच आहे, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, मग पुढं पाठवायचं काम त्यांचं. एकीनं ते कागदावर लिहून घेतलं.

आणि म्हैसाळ. पाण्याचं नाव घेतलं की मला मार्च २०१७ पण आठवतं, तिथल्या ओढ्याजवळ १९ भ्रूण पुरलेले सापडले होते. एक बाई गर्भपातात गेली तेव्हा ते बाहेर आलं, तपासाचे धागे पार कागवाड, विजापूरपर्यंत गेले. दवाखाना गावातला, डॉक्टर ओळखीचा, आणणारे नातेवाईक. पोरी नको म्हणून सीमा ओलांडताना कुणी कुणाचं आधार तपासलं नव्हतं.

गुड्डापूरला दर्शन छान झालं. देवळात निम्म्या गाड्या केए पासिंगच्या, प्रसादाच्या पंगतीत माझ्या शेजारी अथणीची म्हातारी, तिला माझं कळेना मला तिचं, पण भात वाढणाऱ्याला दोघींनी एकदमच "अजून" अशी खूण केली. परतीची गाडी मात्र आधीच विचारून ठेवा. मी विचारली नव्हती, मग जतपर्यंत वडापनं, म्हणजे सीटप्रमाणं पैसे घेणाऱ्या खाजगी गाडीनं आले, पुढच्या सीटवर दोन बायका आहेत हे बघून.