मोठी सेदान आणि तिसरं पेडल

मोठ्या सेदानमध्ये मॅन्युअल बरं की ऑटोमॅटिक, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, इंजिन कोणतं आहे?

माझी ई३९ पिढीतली जुनी बीएमडब्ल्यू ५३०आय. तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो नाही, पाच गिअरचं मॅन्युअल. ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, हाती येतो ३५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि २३१ पीएसची (जवळपास हॉर्सपॉवरच) पूर्ण ताकद ५९०० ला. म्हणजे जोरात जायचं तर इंजिन सतत वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं, आणि ते काम गिअरचं. चढावर वळण दिसलं की चौथ्यातून तिसरा; ब्रेकवरच्या पायाच्या कडेनेच ॲक्सिलरेटरला एक टिचकी, मग क्लच सोडायचा. टिचकी नीट बसली तर इंजिनाचे फेरे खालच्या गिअरशी जुळतात आणि मागच्या चाकांना पत्ता लागत नाही. चुकली तर दीड टनाचं धूड असा हिसका देतं की शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे बघतो.

गिअरबॉक्स मात्र फार सुरेख आहे असं नाही. लिव्हर लांब फिरते, जरा लिबलिबीत. शिवाय क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये कंपनीने एक छोटा व्हॉल्व्ह बसवलाय. पाय झटकन उचलला तरी क्लच सावकाशच लागतो. घाईच्या शिफ्टमध्ये तो आडवा येतो. हौशी लोक तो काढून टाकतात, मीही काढलाय.

मित्राकडे एफ१० पिढीची ५३५आय आहे, झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकची. तिचं टर्बो इंजिन १२०० पासून ५००० आरपीएमपर्यंत सलग ४०० न्यूटन मीटर देतं. अशा इंजिनाला तिसरा काय नि पाचवा काय, पाय दाबला की गाडी निघाली! तिथे क्लच म्हणजे डाव्या पायाला उगाच राबवणं. शिवाय हा गिअरबॉक्स गिअर बदलताना एक क्लच सोडता सोडताच दुसरा पकडतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. गाडी चालू लागली की टॉर्क कन्व्हर्टरही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भागही, लॉक होतो. जुन्या ऑटोमॅटिकमधलं ते आधी आवाज, मग वेग प्रकरण जवळपास संपलं. फक्त घाटात स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल आपल्या हातात ठेवा, नाहीतर ऐन वळणात तो स्वतःच्या मनाने गिअर बदलतो.

याच बीएमडब्ल्यूची सर्वात ताकदवान आवृत्ती, एम५, बघा. ई३९ एम५ ला, ४०० पीएसच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासोबत, फक्त सहा गिअरचं मॅन्युअल होतं. २०१७ च्या एफ९० मध्ये ६०० पीएस, चारही चाकांना ताकद आणि फक्त ऑटोमॅटिक. मला दोन्ही निर्णय पटतात.

पटत नाही, किंवा माझ्या हिशेबात बसत नाही, ती कॅडिलॅकची सीटी५-व्ही ब्लॅकविंग. सुपरचार्ज केलेलं ६.२ लिटरचं व्ही८, ६६८ हॉर्सपॉवर, टॉर्क कुठेही मुबलक, आणि तरी सहा गिअरचं मॅन्युअल मिळतं. दहा गिअरचं ऑटोमॅटिकही आहेच. माझ्या तर्काने तेच घ्यायला हवं. मी मात्र मॅन्युअलच घेईन.